पट्टीला पेज घाला

टोकावडे,
मंगळवार, दुपार

प्रिय अक्षू,

हे पत्र तुझ्या हातात पंढरी देईल. पंढरी आठवतो ना? मुरबाडच्या एसटी डेपोला माझ्याबरोबर ड्रायव्हर होता, तुला बॉनेटवर बसवून म्हशाच्या जत्रेला न्यायचा आणि वाटेत हॉर्न वाजवू द्यायचा तो. त्याची नोकरी अजून चालू आहे आणि हल्ली माळशेजवरून पुण्याला जाणारी गाडी त्याच्याकडे असते. पोस्टाआधी तोच पोचवेल. घरात फोन असताना बाबांना पत्राची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. पण फोन तुझ्या आईच्या उशाशी असतो. मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बोललो तरी परत आल्यावर ती माझं तोंड बघते आणि काय बोलणं झालं ते मलाच सांगते. आख्खी नोकरी मी घाटात काढली, समोरचा ड्रायव्हर कुठे वळणार ते मला आधी कळायचं, पण या बाईपुढे माझं काही चालत नाही. म्हणून आज तिचे कपडे न्यायला घरी आलोय तर ओटीवर बसून लिहून टाकतो. तू शनिवारी निघणार आहेस. त्याआधी हे वाच, आणि सगळं वाचून होईपर्यंत उठू नकोस.

तुला मी सांगितलं की आई धाऊमामाकडे हळदीत दमली, अशक्तपणा आहे, सलाईन लावलंय. त्यातली धाऊमामाकडची हळद तेवढी खरी. उंबरमाळीला मांडवात ती पोरींच्या बरोबरीने नाचत होती, मला लाज आणत होती, आणि नाचता नाचता खाली बसली ती उठलीच नाही. आधी सगळ्यांना वाटलं नाटक करतेय. मलाही वाटलं. धाऊने जीप काढली आणि तिला शहापूरला आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत, बोलतात पण तुझ्यासारख्याच, भरभर आणि खाली बघून. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. एका दिवसात गेलेल्या नाहीत, पुष्कळ महिने हळूहळू जात होत्या. आता कल्याणला नेऊन मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, आठवड्यातून काही दिवस, आणि ते कायमचं. मी लगेच म्हटलं, माझी एक काढा. मला साखर आहे, माझी चालणार नाही. पुढे तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, तेही तुझं नाव न घेता विचारून झालंय. तिचं हृदय इतकं कमजोर झालंय की ते ऑपरेशन सोसणार नाही. तेव्हा तू येऊन तो हट्ट धरू नकोस. धरता आला असता तर मीच आधी धरला असता.

बाई मला म्हणाल्या, इतके महिने घरात कुणाला काहीच दिसलं नाही का? मी म्हटलं, नाही हो, काहीच नाही. तिचा चेहरा सकाळी सुजलेला असायचा तर मी म्हणायचो, पेन्शनचं खाऊन जाड झालीस. पायातली जोडवी रुतायला लागली तर म्हणाली, चिखलात उभं राहून पाय सुजलेत, उतरतील. आणि खरं सांगू, माझ्या मनात एक भरवसा होता. म्हटलं, काही असतं तर पट्टीने सांगितलं असतं. आपल्या अक्षूची पट्टी आहे तिच्या कमरेला, मग कशाला काळजी करायची.

तू पट्ट्या घेऊन आलीस तो दिवस आठव. आवणी, भाताची लावणी, सुरू व्हायची होती. बर्फाच्या डब्यातून तू त्या आणल्यास, मुरबाड-शहापूरकडच्या गावांतून वाटायच्या होत्या, पण पहिल्या आपल्याच अंगणात वाटल्यास. बायका गोल करून बसल्या होत्या आणि मी ओटीवर पेपर तोंडापुढे धरून सगळं ऐकत होतो. तू किती छान सांगितलंस! तुम्ही लोकांनी घडवलेले ते बारके जीव, डोळ्यांना न दिसणारे, कापडाच्या विणीत जिवंत बसवलेले. ते बाईचा घाम चाखतात. किडनी नीट चालत नसली की घामात जे उतरतं ते त्यांना ओळखता येतं आणि ते निळा रंग सोडतात. आवणीत बाई दिवसभर वाकलेली, बांधावर पुरुष, आडोसा कुठे नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही, आणि त्याची भरपाई पुढे किडनी करते. हे तू सगळ्या बायांसमोर न लाजता बोललीस आणि मी पेपर आणखी वर केला. चंदाकाकूने विचारलं, “ते जीव चावायचे तर नाय ना गो?” आणि सगळं अंगण हसलं. मला त्या दिवशी वाटलं, आपली बस कुठून कुठे पोचली.

पण हे सगळं तू सांगत होतीस तेव्हा तुझी आई अंगणात नव्हती. ती आत चहा गाळत होती. एवढ्या बायका दारात आल्या आणि चहा नाही, हे तिला कसं चालेल? ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा तुझं बोलणं संपत आलं होतं. तू पट्टी दोन्ही हातांवर धरून म्हणत होतीस, “ही जिवंत आहे हं. साबण लावू नका, उन्हात टाकू नका, तान्ह्या लेकरासारखी जपा. निळी पडली की समजायचं तब्येत बिघडली, लगेच मला कळवायचं.” कुणाची तब्येत, ते तू बोलली नाहीस. बोलायची गरजच नव्हती, ते आधी सांगून झालं होतं. आणि रात्री जेवताना आपण तिघांनी त्यावर बोलणं काढलं नाही, कारण तुला वाटलं आईने ऐकलंय, मला वाटलं आईने ऐकलंय, आणि आईलाही वाटलं की तिने ऐकलंय.

तेव्हापासून ती पट्टी आमच्या घरात नात म्हणून वावरली. मी तुला फोनवर हसत सांगायचो ना, तुझी आई येडी झालीय म्हणून? तू दिलेली ती पावडर, जी पाण्यात कालवून पट्टी भिजवायची, ती तिला पटलीच नाही. म्हणे, डब्यातल्या दुधावर का कुणाचं लेकरू बाळसं धरतं? तिने पेज सुरू केली. आपल्याच भाताची, मीठ न घातलेली, कोमट. संध्याकाळी शेतावरून आली की स्वतःच्या घशात पाणी ओतायच्या आधी पट्टी ताटलीत पेजेवर निजवायची. मी म्हणायचो, नातीला झालं, आता डायवरला चहा मिळेल का? तर म्हणायची, तुमी गप बसा, झोपलीय ती. भाताची कापणी झाली तेव्हा तिने एकदा मीठमिरच्या घेऊन त्या ताटलीची दृष्ट काढली. मी ते चंदाकाकूच्या ओटीवर जाऊन सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. म्हशाच्या जत्रेत तिने घोंगडी घेतली, माझ्यासाठी असं मला वाटलं. घरी येऊन तिने तिचा एक कोपरा कात्रीने कापला आणि ताटलीखाली घातला, थंडी फार पडलीय म्हणून. कोपरा कापलेली घोंगडी मी पांघरतो. आणि दर सोमवारी ती तुला पट्टीचा फोटो पाठवायची, पांढऱ्या स्वच्छ पट्टीचा. तुझा अंगठा आला की दिवसभर खूश असायची. सोमवार सोडून इतर दिवशी पट्टी कशी दिसते, हे मी कधी बघितलं नाही. कमरेची पट्टी, लुगड्याच्या आत, मी कशाला बघतो?

परवा शहापूरला तिने मला खुणेने जवळ बोलावलं. धाऊ बाहेर गेला होता. मला वाटलं, पाणी हवंय. तर म्हणाली, “घरी जा. भाताच्या कणगीमागं ताटली हाय. पट्टीला पेज घाला. चार दिस उपाशी हाय ती.” मी म्हटलं, बरं. मग म्हणाली, “घाबरू नका बघून. निळी पडलीय ती. या वेळेला जरा जास्तच पडलीय, उतरतच नाय.” मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, निळी? कधीपासून? म्हणाली, “आवणीपासनंच तिला अधूनमधून व्हतंय. पण मी बरी करत्ये ना. अंगावरनं काढायची, दोन दिस पेजेत निजवायची, सावलीत. पांढरी झाली की मगच फोटू.” आणि माझा हात धरून म्हणाली, “अक्षूला सांगू नका. माज्या गळ्याची आण.”

अक्षू, गाडीतला ऑइलचा दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं, हे शिकाऊ ड्रायव्हरलाही माहीत असतं. तुझी आई महिनोन्‌महिने दिवा पुसत बसली. पट्टी तिला सांगत होती, तुझी तब्येत बिघडलीय, आणि तिने पट्टीचीच तब्येत सांभाळली. अंगावरून काढली की घाम मिळायचा नाही, मग रंग आपसूक उतरायचा, आणि हिला वाटायचं आपल्या पेजेने गुण आला. मी तिच्या खाटेशी उभा होतो, सगळं कळत होतं. काय सांगणार होतो? जना, आजारी ती नव्हती, तू होतीस, असं? आता, त्या खाटेवर?

मी एवढंच विचारलं की पोरीला कळवायला काय झालं होतं, तिनेच सांगितलं होतं ना लगेच कळवा म्हणून. त्यावर ती जे बोलली ते तुला लिहावं की नाही, याचा विचार करत मी इथे किती वेळ बसलोय. आपल्या घरात त्या गोष्टीचं नाव कुणी काढत नाही. तू काढत नाहीस, जावई काढत नाहीत, आणि आम्हाला तर ते जमतच नाही. पुण्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी आणि जावई दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, आणि तुला शुद्ध आल्यावर आत जाऊन सांगायचं काम तिच्यावर पडलं. बाळाला तिने एकटीनेच हातात घेतलं होतं. परवा म्हणाली, “तवा पण असंच निळं पडलं व्हतं. तोंड केवढं गोरं, आन् ओठ निळे. मीच सांगितलं व्हतं तिला. एकदा सांगितलं मी, अजून एकदा नाय सांगणार. हिला मी जगवते.” एवढं बोलून ती दमली आणि डोळे मिटून पडली. मला वाटायचं ती त्या पट्टीचं खूळ घेऊन बसलीय. खूळ नव्हतं ते, पोरी. तुझं दुसरं लेकरू तिच्या हवाली केलंय असं तिला वाटत होतं.

आज सकाळी घरी आलो. कणगीमागे ताटली होती, खाली माझ्या घोंगडीचा कोपरा. पेज आटून तिची साल झाली होती आणि आंबलेला वास येत होता. पट्टी निळी नव्हती, काळपट झाली होती, आणि उचलली तर कडक, वाळलेल्या माशासारखी. त्यातले तुझे जीव मेले असणार, हे मला सांगायला शास्त्रज्ञ नको. मी ती घेऊन हर्षालीकडे गेलो, चंदाकाकूच्या सुनेकडे. तिची पट्टी अजून पांढरी आहे, देवाची कृपा. तिने आपली आईच्या पट्टीशेजारी धरून बघितली आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, “काका, काकूंनी मला इचारलं असतं तर!” कुणाकुणाला विचारलं असतं तर, आणि कुणी कुणी बघितलं असतं तर! मी मनातल्या मनात ती गाडी पुन्हा पुन्हा मागे घेतोय, अंगणापर्यंत, चहाच्या ट्रेपर्यंत, पण घाटात एकदा खाली सुटलेली गाडी मागे येत नाही. मला ब्रेक कुठे आहे तेच सापडत नाही.

आता तू डोकं धरून बसली असशील. म्हणून आधी एक गोष्ट तुला माझ्याकडून ऐकायला हवी. तुझी पट्टी एकदाही चुकली नाही. आवणीपासून, पहिल्या दिवसापासून, ती खरं तेच सांगत आली. तुझ्या कामात खोट नव्हती, तुझ्या बोलण्यातही नव्हती, आणि आईच्या मायेत तर नव्हतीच. तरी असं झालं. याचा दोष कुणाच्या गळ्यात घालावा म्हणून मी खूप शोधलं. मला कुणी सापडलं नाही, आणि सापडलं असतं तर थोडं सोपं गेलं असतं. बाकीच्या बायकांना मात्र तू आल्यावर पुन्हा एकदा अंगणात बोलाव, आणि त्या वेळी चहा मी करीन.

आता मुख्य सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आई कल्याणला जायला तयार नाही. मशीनबिशीन काही नको, मला घरी न्या, लेकराला कोण बघतंय, असं तिने धरलंय. काल मी खोटं बोललो, म्हटलं फोनवर हर्षालीने सांगितलंय, पट्टी पांढरी झाली. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, दाखवा. आता मी काय दाखवू? तेव्हा अक्षू, तू येताना एक पांढरी पट्टी घेऊन ये. जिवंत नसली तरी चालेल, नुसतं कापड चालेल, फक्त वीण तीच असू दे आणि कडेची शिवण तशीच, कारण शिवण तिला हाताने कळते. तिच्या हातात दे आणि सांग, आई, ही बघ, बरी झाली, तुझ्या पेजेने वाचली, मी पुण्याला घेऊन जाते, आता तू कल्याणला जा. खरं तिला कधीच सांगायचं नाही, मी गेल्यावरही नाही. खोटं बोलताना तुझा आवाज कापतो, मला माहीत आहे. म्हणून काय रडायचं ते घाटाच्या पलीकडे रडून घे, आळेफाट्याला तोंड धू, आणि मग पुढच्या गाडीत बस. आता मला निघायला हवं, पंढरीच्या गाडीची वेळ होत आली. निघण्याआधी मी चुलीवर थोडी पेज केली, मीठ न घालता, आणि ती काळी पट्टी ताटलीत ठेवून तिच्यावर घातली. मेलेल्याला कुणी जेवू घालत नाही, ते मला कळतं. पण शहापूरला पोचलो की ती पहिलं हेच विचारणार, पेज घातली का, आणि निदान तेवढं एक तरी मला तिच्या डोळ्यांत बघून खरं सांगता येईल.

तुझाच,
बाबा